शिंगाच्या मुठीची जुनी सुरी: मूळ कसे ठरते

मुठीवरून सुरीचा देश ठरवायला बसलेला माणूस बहुधा चुकतो, कारण मूठ आणि पाते एकाच मुलखातले असतील असे नाही. एकोणिसाव्या शतकात सांबराची आणि म्हशीची शिंगे हिंदुस्थानातून बोटीने शेफील्डला, म्हणजे इंग्लंडातल्या सुऱ्या-कात्र्यांच्या गावी, जात. तिथे त्यांच्या मुठी होत आणि तयार सुऱ्या पुन्हा आपल्याकडे विकायला येत. शिंग इथले म्हणून सुरी इथली, असे म्हणता येत नाही.

त्यात मराठीने आणखी एक पेच घातला आहे. म्हशीच्या डोक्यावर असते तेही शिंग आणि सांबराच्या डोक्यावर असते तेही शिंगच. वस्तू मात्र दोन. म्हशीचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावरचे पोकळ आवरण, नखा-केसांच्याच जातीचे. ते जन्मभर वाढते, गरम केले की मऊ पडते आणि साच्यात दाबता येते. साबरशिंग हे भरीव हाड. ते दरवर्षी गळते आणि पुन्हा उगवते. उगाळून सुजेवर लावायचे ते हेच, त्यामुळे जुन्या घरांत नाव तरी वेगळे ठेवले होते. विक्रीच्या जाहिरातीत मात्र सगळेच ‘शिंग’.

ओळखायला दहापट भिंग पुरे. मुठीचे टोक पाहावे. साबरशिंगात कडेला घट्ट हाड आणि मध्ये बारीक छिद्रांचा गाभा दिसतो, बाहेर तपकिरी खडबडीत पन्हळी असतात. म्हशीच्या शिंगात छिद्रे नसतात, वाहत गेल्यासारखे तंतू दिसतात. त्याला लोकरीसारखी कसरही लागते. साध्या हाडावर काळसर ठिपके आणि बारीक रेघा असतात. तापवलेली सुई टोचून वास घेण्याचा सल्ला अजून दिला जातो, तो मानू नये. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या ज्वालाग्राही प्लास्टिकची, निघाली तर पेट घेते, शिंगाची निघाली तरी भोक कायमचे राहते.

हा फरक कायद्यालाही भोवला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ‘ट्रॉफी’च्या, म्हणजे वन्य प्राण्याच्या जपून ठेवलेल्या अवयवाच्या, व्याख्येत साबरशिंग येते, पाळीव म्हशीचे येत नाही. गळून पडलेल्या शिंगांची निर्यात तरीही बरीच वर्षे चालू होती, ती गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंदी घालून थांबवली. जंगलात आपोआप पडलेली वस्तू उचलण्यात प्राण्याचे काय नुकसान, असे व्यापाऱ्यांचे म्हणणे. अख्ख्या शिंगापुरते ते ठीक होते: गळालेल्याचे बूड गोलसर आणि बंद असते, मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचा तुकडा चिकटलेला असतो. पण मुठीसाठी चिरलेल्या तुकड्याला बूडच नसते. तपासनीस काय पाहणार? बंदी याच मुद्द्यावर टिकते, आणि ती योग्यच होती. परदेशी कारखाने मग खाचा पाडून रंगवलेल्या हाडाकडे आणि राळेच्या कृत्रिम पट्ट्यांकडे वळले.

काळ ठरवायचा तो पात्यावरून. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, म्हणून ‘इंग्लंड’ कोरलेली सुरी साधारण १८९१ नंतरची. उलटे मात्र खरे नाही: घरच्या बाजारासाठीच्या मालावर नाव नसायचे, त्यामुळे नाव नाही म्हणजे सुरी जुनी असे होत नाही. मुकुटासह ‘व्ही. आर.’ म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१. ‘जी. आर.’ फसवे आहे, कारण जॉर्ज नावाचे राजे १८३० पर्यंतही होते आणि १९१० नंतरही. ‘स्टेनलेस’ शब्द १९१३ च्या अलीकडचाच, पण काळे पडणारे पोलाद त्यानंतरही वापरात राहिले. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९०.

शेवटी जोड तपासावा. शिंग वर्षानुवर्षे आकसते, धातू आकसत नाही. म्हणून खऱ्या जुन्या मुठीत पात्याजवळचा धातूचा पट्टा आणि रिव्हेटची टोके बोटाला किंचित वर लागतात, रिव्हेटभोवती केसासारख्या भेगा असतात. सगळे एका पातळीत गुळगुळीत लागले तर मूठ बहुधा नंतर बसवलेली. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर ती जोडणी १९३० च्या दशकाआधीची नाही. जेवणाच्या सुऱ्यांत पात्याचा दांडा मुठीच्या भोकात राळ आणि विटेची भुकटी ओतून बसवत. अशी सुरी गरम पाण्यात धुतली की राळ मऊ होते आणि मूठ फिरू लागते. मग कोणीतरी आत आधुनिक गोंद भरतो. फटीतून तो काचेसारखा चमकताना दिसला, तर पात्यावरची खूण पात्यापुरतीच धरावी.