पुशरॉडची लांबी: बुलेट आणि व्ही-एट यांचे दोन वेगळे हिशेब

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) खाली आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, असलेल्या इंजिनात पुशरॉड ही सळई कॅमची हालचाल वर नेते आणि रॉकर हा डुलणारा हात तिने व्हॉल्व्ह दाबतो. असे इंजिन पुन्हा बांधताना पुशरॉडच्या लांबीला किती महत्त्व द्यायचे, हे रॉकर कशावर टेकला आहे यावर ठरते.

इंग्लंडमधील रेडिचच्या रॉयल एनफिल्डने बुलेटच्या ३४६ सीसी इंजिनात रॉकर हेडवरच्या दुभंगी बेअरिंग ठोकळ्यांत बसवले, म्हणजे त्यांचा आस कायमचा ठरला, आणि टॅपेट सेटिंगची, म्हणजे या साखळीतली फट जुळवण्याची, सोय (अ‍ॅडजस्टर) पुशरॉडच्या खालच्या टोकाला दिली. १९५५ मध्ये मद्रासमध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली तेव्हा हीच रचना इकडे आली आणि दशकानुदशके टिकली. इंजिन थंड असताना, कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन अगदी वर (दोन्ही व्हॉल्व्ह बंद) असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरावा पण वरखाली हलू नये, हे आपल्याकडचा कोणताही जुना मेकॅनिक सांगेल.

त्याच १९५५ साली शेवरलेने २६५ घनइंची व्ही-एटमध्ये (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेल्या मोटारीच्या इंजिनात) पॉन्टिअ‍ॅक या जनरल मोटर्सच्याच दुसऱ्या शाखेकडून आलेली युक्ती वापरली. तिथे रॉकरला सामाईक दांडा नव्हता. पत्र्यातून ठोकून काढलेला प्रत्येक रॉकर स्वतंत्र स्टडवरच्या (हेडमध्ये उभ्या बसवलेल्या आट्यांच्या खुंटीवरच्या) अर्धगोलावर डुलत असे. रचना हलकी आणि स्वस्त होती, पण नट आवळला की टेकूच वरखाली होतो, त्यामुळे टेकू किती उंचीवर बसेल हे पुशरॉडच्या लांबीवरच ठरते. व्हॉल्व्ह अर्धा उघडलेला असताना रॉकरचा टेकू आणि तो व्हॉल्व्हला टेकतो तो स्पर्शबिंदू यांना जोडणारी रेषा व्हॉल्व्हच्या दांड्याशी काटकोनात असावी, हा नियम अशा इंजिनांत पुशरॉडच्या लांबीनेच पाळता येतो. म्हणून हेड घासले किंवा कॅम बदलला की कमी-जास्त करता येणारा मापाचा पुशरॉड लावून, व्हॉल्व्हच्या टोकाला शाई फासून इंजिन हाताने फिरवतात. उमटलेला पट्टा अरुंद आणि मधोमध आला की ती लांबी पक्की.

बुलेटला हा उपाय जसाच्या तसा लावणे, माझ्या मते, व्यर्थ आहे. हेड घासले तर रॉकर आणि व्हॉल्व्ह दोन्ही एकत्रच खाली येतात, आणि खालचा अ‍ॅडजस्टर तेवढा फरक बहुधा सहज भरून काढतो. सीट (व्हॉल्व्ह बंद होताना हेडमध्ये जिथे टेकतो ती कडा) खोल कापली गेली की मात्र व्हॉल्व्हचे टोक रॉकरच्या तुलनेत वर सरकते. मग अ‍ॅडजस्टर आखूड करून टॅपेट जमतात, पण रॉकरचा कोन बिघडलेलाच राहतो आणि गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळीवर, आडवा दाब येतो. व्हॉल्व्हचे टोक घासून थोडी दुरुस्ती होते, परंतु तिथला कठीण थर पातळ असल्यामुळे त्याला मर्यादा आहे. त्यापुढे नवी सीट बसवणे हाच मार्ग.