विशेषणवाक्य (इंग्रजी व्याकरण)

इंग्रजी मिश्र वाक्यातले जे गौण वाक्य एखाद्या नामाबद्दल किंवा सर्वनामाबद्दल माहिती सांगून विशेषणाचे काम करते, त्याला विशेषणवाक्य म्हणतात. शाळेत ते 'अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज' किंवा 'रिलेटिव्ह क्लॉज' म्हणून शिकवले जाते. वरची व्याख्या स्वतःच मराठी विशेषणवाक्याचा नमुना आहे: पुढे 'जे', मागे 'त्याला'. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण या जोडीतच दडलेली असते.

मराठीत हे काम दोन तऱ्हांनी होते. 'जो शेतकरी काल सोयाबीन घेऊन आला, तो औशाचा होता' ही एक. 'काल सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी औशाचा होता' ही दुसरी. देगलूर-बिलोलीच्या शेजारची तेलुगू आणि उदगीर-निलंग्याच्या शेजारची कन्नडही अशीच वर्णन नामाच्या आधी ठेवतात. इंग्रजीत मात्र विशेषणवाक्य नामाला लागून, त्याच्या नंतर येते: 'द फार्मर हू ब्रॉट द सोयाबीन यस्टरडे वॉज फ्रॉम औसा.' मराठीतला 'तो' इथे गळतो. 'व्हिच फार्मर ब्रॉट सोयाबीन, ही वॉज फ्रॉम औसा' हे वाक्य शब्दशः मराठी आहे, म्हणून चुकीचे.

दोन वाक्ये जोडताना आधी दोन्हींत समान असलेले नाम शोधावे. 'धिस इज द मोटर. माय अंकल रिपेअर्ड इट यस्टरडे.' दुसऱ्या वाक्यातला 'इट' खोडून त्याऐवजी 'व्हिच' घ्यावे, ते त्या वाक्याच्या सुरुवातीला आणावे आणि सगळा तुकडा 'मोटर'ला चिकटवावा: 'धिस इज द मोटर व्हिच माय अंकल रिपेअर्ड यस्टरडे.' सर्वांत जास्त गुण जातात ते 'इट' तसाच राहिल्यामुळे. खोडलेली जागा रिकामीच राहायला हवी.

शब्दाची निवड त्यामानाने सोपी. 'जो-जी-जे' लिंगानुसार बदलतात. इंग्रजी फक्त माणूस की वस्तू एवढेच पाहते. माणसासाठी 'हू', वस्तू व प्राण्यांसाठी 'व्हिच', दोन्हींसाठी 'दॅट', मालकीसाठी 'हूज' (हा विहिरीलाही चालतो). 'हूम' कर्मासाठी, पण बोलण्यात तिथेही 'हू'च ऐकू येतो. 'त्याने जे सांगितले ते सगळे' याचे 'एव्हरीथिंग व्हॉट ही सेड' होत नाही. 'एव्हरीथिंग दॅट ही सेड' किंवा नुसते 'एव्हरीथिंग ही सेड'. 'हू', 'व्हिच', 'दॅट' असे संबंधी सर्वनाम आपल्या तुकड्यात कर्म असेल तरच गाळता येते, कर्ता असेल तर नाही.

'व्हेअर'चा घोटाळा वेगळा आहे. 'पैठण इज द टाउन व्हेअर एकनाथ लिव्ह्ड' बरोबर. 'पैठण इज द टाउन व्हेअर आय व्हिजिटेड' चूक. आपण 'जिथे भेट दिली' म्हणतो म्हणून 'व्हेअर' सुचते, पण 'व्हिजिट'ला कर्म लागते, त्यामुळे 'व्हिच आय व्हिजिटेड'. उलट 'ज्या घरात मी राहतो' यातला 'त' प्रत्यय शब्दाला चिकटलेला असल्याने इंग्रजीतला 'इन' विसरतो. 'द हाउस व्हिच आय लिव्ह' अपुरे आहे. 'द हाउस आय लिव्ह इन' किंवा 'द हाउस इन व्हिच आय लिव्ह' लिहावे. 'इन दॅट' इथे चालत नाही.

स्वल्पविरामाने अर्थ बदलतो. 'माय ब्रदर हू वर्क्स इन नांदेड' म्हणजे भाऊ अनेक, त्यांपैकी नांदेडचा. 'माय ब्रदर, हू वर्क्स इन नांदेड,' म्हणजे भाऊ एकच, नांदेड ही जादा माहिती. विशेषनामापुढे बहुधा दुसरा प्रकार येतो: 'वेरूळ, व्हिच हॅज 34 केव्ह्ज, इज नॉट फार फ्रॉम दौलताबाद.' या प्रकारात 'दॅट' वापरत नाहीत आणि संबंधी शब्द गाळतही नाहीत. हल्लीच्या बोलण्यातला 'जो की' बराचसा याच जातीचा. कानाला तो खुपला तरी वर्गात समजावायला उपयोगी पडतो.

तुकडा नामापासून दूर गेला की गंमत होते. 'ही टाइड द बुलक टू द नीम ट्री दॅट वॉज लिंपिंग' यात बैलाऐवजी कडुलिंबाचे झाड लंगडते. क्रियापदही नामाकडे बघूनच ठरते: 'वन ऑफ द गर्ल्स हू प्ले खो-खो', 'प्लेज' नव्हे, कारण 'हू' इथे 'गर्ल्स'साठी आहे.

'दॅट' दिसला की विशेषणवाक्य, हा ठोकताळा परीक्षेत फसवतो. 'द न्यूज दॅट ही ब्रॉट' हे विशेषणवाक्य; 'द न्यूज दॅट जायकवाडी वॉज फुल' हे नामवाक्य, म्हणजे नामाचे काम करणारे गौण वाक्य. 'दॅट'च्या जागी 'व्हिच' घालून पाहावे. पहिले टिकते. दुसऱ्यात 'व्हिच'ला बसायला जागाच नसते, कारण 'जायकवाडी वॉज फुल' स्वतःच पूर्ण आहे.