कळा मोजायच्या कशा

खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडे पाऊस धरला की अंगणातली हाकही घरात ऐकू येत नाही. अशाच एका रात्री माझ्या गरोदर वहिनीच्या पोटात दुखू लागलं. आत्या म्हणाली, "खऱ्या कळा असत्या तर ओरडली असती." वहिनी ओरडत नव्हती. भिंतीला टेकून ती कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर वेळा मांडत होती : १.१०, १.२२, १.३१, १.३९...

आत्याचं चुकत होतं. कळा ओरडण्यावरून ओळखत नाहीत, अंतरावरून ओळखतात.

गर्भाशय म्हणजे स्नायूंची पिशवी. शेवटच्या महिन्यांत ती मधूनच आवळते, पोट दगडासारखं होतं नि सुटतं. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने १८७२ मध्ये याचं वर्णन केलं. या सरावाच्या कळा. कुशीवर वळलं, तांब्याभर पाणी प्यायलं, चार पावलं टाकली की बहुधा विरतात.

खऱ्या कळा अशा विरत नाहीत. बाळाचं डोकं गर्भाशयाच्या मुखावर दाबतं, ती खबर नसांतून मेंदूला जाते, मेंदूतळाची पियुषिका ग्रंथी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सोडते, पिशवी आणखी जोरात आवळते आणि डोकं आणखी दाबतं. शिवाय प्रत्येक कळेनंतर स्नायू पूर्ववत सैल होत नाहीत, थोडे आखूडच राहतात. त्यामुळे मुख वर ओढलं जातं, पातळ होतं, उघडत उघडत १० सेंटिमीटरपर्यंत जातं.

मोजायचं ते एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत. पुष्कळजणी कळ संपल्यापासून मोजतात आणि अंतर आहे त्याहून कमी धरतात. पहिलटकरणीला पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं. दुसऱ्या खेपेला वाट लवकर मोकळी होते, त्याआधीच निघावं.

पण हा हिशेब दवाखाना जवळ असलेल्यांचा. कणकुंबीकडच्या वाडीवरच्या बाईने पाच मिनिटांची वाट बघत बसू नये, कळा नियमाने येऊ लागल्या की १०८ला फोन करावा. माझं मत विचाराल तर पावसाळ्यातली तारीख असेल तर शेवटचा आठवडा खानापुरात किंवा बेळगावात पाहुण्यांकडेच काढावा.

चिकट, तांबूस स्राव दिसला म्हणून घाबरू नये. बाळंतपणाला अजून तास लागतील किंवा दिवसही. पाणमोट फुटली तर मात्र कळा नसल्या तरी निघायचं, कारण आता आत जंतू शिरायला वाट झालेली असते. पाण्याचा रंग बघून ठेवा. हिरवट असेल तर बाळाने आत शी केली आहे, ते पोचताच सांगा. भळभळ लाल रक्त, बाळाचं हलणं कमी होणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, झटके, किंवा ३७ आठवडे भरण्याआधीच कळा : यात घड्याळ बघायचंच नाही, लगेच निघायचं.

वहिनी पोचली तेव्हा अंतर चार मिनिटांवर आलं होतं. नर्सने कन्नडमध्ये विचारलं, "नोवु एष्टु निमिषक्कोम्मे?" कळा किती मिनिटांनी? दादा शब्द शोधत उभा. वहिनीने कॅलेंडरचं पान पुढे केलं. नर्सने शेवटचे पाच आकडे पाहिले आणि तिला सरळ आत नेलं. तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, नंतर मागितलं.