नको तो विचार आणि मॅनरेसाचा संत

ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ (लेंट) सुरू झाला की व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरू लागतो. मनात वाईट विचार आला तर क्षणभरही थारा देऊ नका, लगेच बायबलमधलं वचन म्हणा आणि त्याला हाकलून लावा. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि अधूनमधून डोकावणाऱ्या विचारावर हा उपाय चालूनही जातो. पण ज्याला एकच घाण विचार दिवसभर छळतो, त्याला हाच सल्ला आणखी खोलात ढकलू शकतो.

इंग्लंडातला जॉन बन्यन पाहा. १८४१ मध्ये हरि केशवजींनी ज्याच्या ग्रंथाचं मराठीत ‘यात्रिकक्रमण’ केलं, तोच हा. १६६६ च्या आत्मकथेत तो सांगतो की ‘ख्रिस्ताला विकून टाक’ हा विचार जेवताना, काम करताना, सतत मनात घुसायचा. तो हाताकोपरांनी ढकलल्यासारखं करत उत्तर द्यायचा, ‘नाही, हजारो जगं दिली तरी नाही!’ असं महिनोन्‌महिने चाललं. एका सकाळी तो थकला, ख्रिस्ताबद्दल ‘जाऊ दे त्याला’ असं मनात येऊन गेलं, आणि पुढे दीर्घकाळ आपण कायमचे शापित झालो असं त्याला वाटत राहिलं.

ढकललेला विचार परत का येतो? डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या मिनिटाला एकीहून जास्त वाजल्या. त्याहून मजेदार गोष्ट पुढे घडली. बंदी उठवून ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर या मुलांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं, सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षाही जास्त.

१९९४ मध्ये वेग्नरने त्याचं स्पष्टीकरण मांडलं. विचार दाबताना मनात दोन प्रक्रिया एकदम चालतात. एक लक्ष दुसरीकडे वळवते. तिला कष्ट पडतात, आपल्याला ती जाणवते. दुसरी टेहळणीची. नको तो विचार आला का, हे ती गुपचूप तपासत राहते आणि त्यासाठी तिला फारशी शक्ती लागत नाही. पण तपासायचं तर काय शोधायचं ते लक्षात ठेवायला हवं. चोराचा फोटो हातात घेऊन फिरणाऱ्या पहारेकऱ्याला चोर विसरता येत नाही, तसंच. आता माणूस दमला, अर्धवट झोपेत असला किंवा काळजीत असला, तर कष्टाची प्रक्रिया आधी ढेपाळते आणि बिनकष्टाची टेहळणी चालूच राहते. म्हणून असे विचार रात्री, परीक्षेच्या आदल्या दिवशी किंवा ऐन प्रार्थनेत जोर धरतात. (पुढच्या अनेक प्रयोगांची बेरीज केली तेव्हा दाबल्यानंतरची ही उसळी सरासरीने लहान ते मध्यम निघाली. म्हणजे दमन हे सगळं कारण नव्हे.)

उरलेलं कारण विचाराला आपण लावलेल्या अर्थात आहे. २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांची पाहणी झाली. मागच्या तीन महिन्यांत नको असलेला, आगंतुक विचार निदान एकदा आल्याचं ९४ टक्क्यांनी सांगितलं. बहुतेक लोक तो सोडून देतात. ज्याला ‘मनात आलं म्हणजे केल्यासारखंच’ वाटतं, तो त्यात अडकतो. धर्माचा इथे संबंध येतो. कोहेन आणि रोझिन यांच्या २००१ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंटांनी नुसत्या वाईट विचाराला ज्यूंपेक्षा जास्त दोष दिला. म्हणून विचार म्हणजे सैतानाची बाधा, असं सांगून त्या माणसाला ‘झाडायला’ नेणं मला क्रूरपणाचं वाटतं. आधीच घाबरलेल्याला आणखी घाबरवून टेहळणी वाढतेच. ‘सात दिवसांत नकारात्मक विचार बंद’ विकणारे प्रेरक वक्तेही त्याच दुकानाचे भागीदार.

इग्नेशियस लोयोलाचा अनुभव मला म्हणूनच विलक्षण वाटतो. फ्रान्सिस झेवियरला ज्यांनी आपल्याकडे पाठवलं, ते हे जेझुइट संस्थापक. १५२२ मध्ये कॅटलोनियातल्या मॅनरेसात असताना, आपली पापं पूर्ण सांगून झाली नाहीत या शंकेने ते पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला (धर्मगुरूजवळ पापं कबूल करायला, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात) जात. दरवेळी तेवढ्यापुरतं बरं वाटे, मग शंका परत. धर्मगुरूंनी सांगितलं, फार स्पष्ट असेल तेवढंच जुनं सांगा. पण त्यांना सगळंच स्पष्ट वाटे! आठवडाभर त्यांनी अन्न सोडलं, जीव देण्याचे विचारही आले. शेवटी त्यांनी ठरवलं की जुनी पापं आता पुन्हा सांगायची नाहीत. त्यांच्या आठवणींप्रमाणे त्या दिवसापासून ही टोचणी सुटली.

१९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर हेच पद्धतशीर केलं. भीती वाटते ती गोष्ट समोर येऊ द्यायची आणि तिच्यावरचा ‘उतारा’ करायचा नाही. मंत्रचळावर, म्हणजे नको ते विचार आणि त्यांवरचे उतारे पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओसीडी या आजारावर, आज ही उपचारपद्धत सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी एक मानली जाते. श्रद्धाळू रुग्णाला त्यासाठी प्रार्थना सोडावी लागत नाही. फक्त ती विचार पुसण्याचं फडकं म्हणून वापरायची नाही.

स्वतःला संपवण्याचा विचार मात्र यात मोडत नाही, विशेषतः तो हवासा वाटू लागला असेल किंवा त्याची तयारी होत असेल तर. तिथे डॉक्टर, किंवा टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक, लगेच.

अठराव्या शतकात आल्फोन्सस लिगोरी या धर्मगुरूने शंकेखोर भाविकांसाठी सांगितलं होतं की एकाच धर्मगुरूचं ऐका आणि झालेलं पापनिवेदन पुन्हा करू नका. नियम चांगला, पण त्यालाही पळवाट आहे. ‘फादर, हे नक्की पाप नाही ना?’ असा प्रश्न आठवड्यातून दहादा विचारला, तर तोच नवा उतारा ठरतो. म्हणून काही ठिकाणी उपचार करणारा आणि धर्मगुरू आधी बोलून ठरवतात की या प्रश्नाचं उत्तर एकदाच द्यायचं, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर ‘याचं उत्तर झालंय’ एवढंच म्हणायचं.