मुंबईला न पोहोचलेली ‘इंडस’

ऑगस्ट १९१४मध्ये हिंदुस्थानी फौजा युरोपकडे धाडायची धांदल मुंबई आणि कराचीत सुरू झाली. शिपायांपेक्षा घोड्यांची सोय जिकिरीची. त्यासाठी सरकारने व्यापारी आगबोटी भाड्याने घेतल्या आणि त्यांच्या डेकवर लाकडी ठाणी ठोकली. नूर्स कंपनीची, सुमारे ३,४०० टनांची ‘इंडस’ अशीच सजून कलकत्त्याहून मुंबईला निघाली. या कंपनीचा मुख्य धंदा गिरमिटिया मजूर वसाहतींत पोहोचवण्याचा. युद्धात तिच्या बोटी घोड्यांच्या कामाला लागल्या.

जर्मन क्रूझर ‘एम्डन’ बंगालच्या उपसागरात शिरली आहे, याची ब्रिटिशांना कल्पना नव्हती. तिला खरी धुरांडी तीन. कप्तान कार्ल फॉन म्युलरने चौथं खोटं उभारून तिला ब्रिटिश क्रूझरचं रूप दिलं होतं. १० सप्टेंबरला ‘इंडस’ समोर आली, तेव्हा ‘एम्डन’वरच्या लोकांना डेकवरच्या त्या लाकडी बांधकामाचा उलगडा होईना. ‘इंडस’च्या कप्तानाला मात्र समोरची युद्धनौका आपलीच वाटली. जवळ येईपर्यंत त्याला शंकाही आली नाही.

त्या काळचा रिवाज असा: बोट थांबवायची, कागदपत्रं तपासायची, खलाशी सुरक्षित उतरवायचे, मग बुडवायची. तटस्थ देशाची बोट सोडायची. म्युलर हे काटेकोर पाळत असे. ‘इंडस’चे लोक सोबतच्या ‘मार्कोमानिया’ या कोळशाच्या बोटीवर हलवले. बोटीत साबणाचा मोठा साठा सापडला. ‘एम्डन’वर साबणाची टंचाईच होती.

बोट बुडवणं ऐकायला सोपं, करायला चिवट. इंजिनघरात समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपा उघडायच्या, कंडेन्सरचं (वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या यंत्राचं) झाकण काढायचं, म्हणजे इंजिनघर भरतं. पण पुढचे-मागचे मालाचे खण पोलादी भिंतींनी वेगळे. त्यांत हवा कोंडून राहते आणि बोट तासन्‌तास तरंगते. म्हणून पाणरेषेवर तोफेचे गोळे टाकून या खणांनाही भोकं पाडावी लागतात. ‘एम्डन’च्या तोफा १०.५ सेंटिमीटरच्या, म्हणजे बेताच्याच. बोट खाली गेल्यावर फळ्या, पिंपं, होड्या उसळून वर येतात, आणि तो पसारा मागून येणाऱ्याला सगळं सांगून टाकतो.

तरीही वार्ता फुटायला चार दिवस लागले. याचं मुख्य कारण म्हणजे तेव्हाच्या बहुतेक मालवाहू बोटींवर बिनतारी यंत्रच नसे. १४ सप्टेंबरपर्यंत ‘लोव्हाट’, ‘किलिन’, चहाने भरलेली ‘डिप्लोमॅट’, ‘ट्रॅबॉक’ आणि ‘क्लॅन मॅथेसन’ याही गेल्या. ‘क्लॅन मॅथेसन’वर शर्यतीचे घोडे होते, ते बुडून मरू नयेत म्हणून आधीच गोळ्या घालून मारले. पकडलेले खलाशी ‘काबिंगा’ या बोटीवर चढवून तिला मोकळं सोडलं. तटस्थ म्हणून सोडलेल्या इटालियन ‘लोरेडानो’ने मात्र वाटेत भेटलेल्या ‘सिटी ऑफ रंगून’ला सावध केलं. कलकत्त्याला खबर पोहोचली ती तिच्यामुळे. रिवाज पाळल्याची किंमत म्युलरने ही अशी मोजली.

मुंबईच्या किनाऱ्यावर पुढे जे घडलं त्यात हा रिवाज उरला नव्हता. १९१७च्या आरंभी ‘वोल्फ’ या जर्मन बोटीने तिथे सुरुंग पेरले आणि ती निघून गेली, जूनमध्ये पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ त्यातल्याच एकावर आदळून बुडाली.