ड्रम फिरतोय म्हणून वीज ठीक आहे असं समजू नका

ड्रायरचा ड्रम फिरतोय, पण कपडे ओलेच, म्हणजे हवा तापवणारी कॉइल जळली. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत हा समज फार जुना आहे. तो अर्धवट आहे, आणि त्यापायी चांगल्या कॉइली फेकल्या जातात.

तिथल्या घरात १२० व्होल्टच्या दोन जिवंत तारा येतात. दोन्हींमध्ये मिळून २४०. ड्रायरची मोटर एका तारेवर आणि न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) चालते, कॉइलला मात्र दोन्ही तारा लागतात. त्यामुळे एक तार गेली तरी ड्रम फिरत राहू शकतो.

आधी ड्रायरचा ३० अँपिअरचा जोडब्रेकर (दोन्ही तारांचा एकत्र ब्रेकर) पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. उष्णता येत-जात असेल, तर ब्रेकर, सॉकेट किंवा ड्रायरमागच्या टर्मिनलवरची ढिली जोडणी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मोजणी ड्रायर चालू असतानाच व्हायला हवी. जोडणी ढिली असली तरी नुसत्या सॉकेटवर मीटर २४० दाखवू शकतो, भार पडला की तोच आकडा कोसळतो!

ड्रायर लावताच घरातले बंद पडलेले दिवे मंद उजळले, तर एक तार मीटरकडे किंवा बाहेरच तुटलेली असू शकते. वीज कंपनीला लगेच कळवा. काही दिवे प्रखर आणि काही मंद होत असतील, तर न्यूट्रल सुटत असण्याची शक्यता मोठी. तेव्हा थांबू नका, मेन बंद करा.