चिलिका: पक्षी-पर्यटनाच्या आधीचं भांडण

मंगलाजोडी गावचे शिकारी पक्ष्यांचे राखणदार झाले, ही गोष्ट ओडिशातल्या चिलिका सरोवराबद्दल लिहिणारा प्रत्येक जण सांगतो. गोष्ट खरी आहे. पण ती घडली त्या सुमारास तिथे पाण्याच्या मालकीवरून माणसं मरत होती, हे सहसा सांगितलं जात नाही.

चिलिकाला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, १९८१ मध्येच मिळाला होता. पुढे नलबाणा बेट अभयारण्य झालं. तरी दया-भार्गवी नद्यांचा गाळ येतच राहिला, समुद्राकडचं मुख बुजत गेलं, खारेपणा उतरला आणि पाणवनस्पती माजल्या. सप्टेंबर २००० मध्ये सातपाड्याजवळ वाळूचा बांध कापून नवं मुख काढलं. मासळी परतली आणि १९९३ पासून धोक्यातल्या रामसर स्थळांच्या यादीत असलेलं चिलिका २००२ मध्ये त्यातून बाहेर पडलं. श्रेय मुखाला मिळालं, ते रास्तच.

गाठ मात्र १९९१ च्या पट्टा-धोरणात, म्हणजे मासेमारीसाठी पाणी भाडेपट्ट्याने देण्याच्या धोरणात होती. कोणत्या गावाने कुठे, कोणत्या जाळ्याने मासे धरायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं; पुढे पट्टे मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे गेले. नव्या धोरणाने पाण्याचे 'कॅप्चर' (मासे धरण्याचं) आणि 'कल्चर' (मासे-कोळंबी वाढवण्याचं) असे दोन वर्ग केले आणि दुसरा बिगर-मच्छीमारांना खुला झाला. कोळंबीला परदेशात भाव होता, त्यामुळे पैसेवाले उतरले. उथळ पाण्यात बांबू रोवून बारीक छिद्रांची जाळी ताणली की 'घेरी' तयार. तिच्यात पिल्लंही अडकतात, माशांच्या वाटा तुटतात, गाळ साचतो. लहान होडीला वळसा पडतो तो वेगळाच. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सरोवरालगतच्या कोळंबी-शेतीला मनाई केली, तरी घेऱ्या उभ्याच राहिल्या. मे १९९९ मध्ये मच्छीमारांनी त्या स्वतःच उखडल्या; त्यानंतर सोरणा गावात पोलिसांच्या गोळीबारात चार जण गेले. कारवाई त्यानंतरही अधूनमधून होते. काही महिन्यांत बांबू पुन्हा दिसतात.

पर्यटन या सगळ्यानंतरचं. मंगलाजोडीत नावाडी लांब बांबूने होडी ढकलतो, इंजिन नाही. म्हणून काळ्या शेपटीचा पाणटिवळा हाताच्या अंतरावर चिखल उपसत राहतो. सातपाड्याला मोटारबोटी इरावदी डॉल्फिनच्या मागे धावतात, पंख्याची पाती त्यांना लागतात. ही दोन्ही रूपं 'पर्यटन' या एकाच शब्दाखाली खपवली जातात. पक्षी मार्चच्या आसपास उठले की मंगलाजोडीच्या नावाड्यालाही मासळीकडेच वळावं लागतं, आणि तिथे प्रश्न पुन्हा पट्ट्याचाच येतो.